चामखीळ, मस, तीळ, आवाळू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथली मराठी घरं वर्षानुवर्षं येत राहतात. आधी आजी येते, तिच्या सांगण्यावरून सून, मग नातू. अंगावर काहीतरी उगवलंय म्हणून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, 'हे कधी काढताय?' 'हे आहे काय?' हा दुसरा, तोही आठवलाच तर. या पानावर क्रम उलटा ठेवलाय. कर्करोग नसलेल्या, साध्या वाढींबद्दलच इथे लिहिलंय. शंका कुठे घ्यायची ते त्या त्या उत्तरात आहे.

मानेवर, काखेत बारीक बारीक लोंबतंय. ती चामखीळच ना?

घरात सगळे चामखीळच म्हणतात, पण बहुतेक वेळा तो स्किन टॅग असतो. बारीक देठ, मऊ अंग, रंग कातडीचाच किंवा जरा गडद, आकार साधारण २ ते ५ मिलिमीटर. बोटाने ढकलला की डोलतो, दुखत नाही. मान, काख, जांघ, पापण्या, स्तनांखालची घडी, म्हणजे जिथे कातडीला कातडी किंवा कपडा घासतो तिथे तो येतो. मंगळसूत्रात किंवा चेनमध्ये अडकून ओढला गेला की रक्त येतं आणि मग धावपळ होते.

तो संसर्गाने होत नाही. एक कापला म्हणून दहा उगवतात हेही खरं नाही. पहिला ज्या कारणाने आला त्याच कारणाने पुढचे येतात. वजन, घराण्याची ठेवण, गरोदरपण आणि इन्शुलिनला शरीराने द्यायचा प्रतिसाद मंदावणं, ही त्यातली मुख्य कारणं. म्हणून मी स्किन टॅगच्या आधी मान बघतो. घासूनही न निघणारा जाडसर काळेपणा मानेवर असेल आणि पोटाचा घेर सुटलेला असेल, तर साखर तपासायला लावतो: उपाशीपोटीची आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी. 'गेलो होतो चामखीळ काढायला, डॉक्टरांनी रक्तच काढलं' अशी तक्रार नंतर कानावर येते. येऊ दे. सराफ्यात रात्री अकराला रबडी-जलेबी खाणाऱ्या आपल्या शहरात ही तपासणी मला वायफळ वाटत नाही.

काढणं अगदी सोपं आहे. लहान असेल तर कात्रीने कापतात, जरा मोठा असेल तर सुन्न करून आरएफ (रेडिओ लहरींचं यंत्र) किंवा कॉटरीने (विजेच्या उष्णतेने जाळून). पापणीच्या अगदी कडेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

मग खरी चामखीळ कोणती?

विषाणूमुळे होते ती. त्या विषाणूचं नाव एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांतले काही बारीकशा जखमेतून कातडीत शिरतात आणि वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढवतात. बोटांवर, नखांच्या कडेला, गुडघ्यावर कडक, खरखरीत उंचवटा दिसतो. त्यात बारीक काळे टिपके असतात. लोक त्यांना मूळ समजून सुईने उपटायला जातात. ती मुळं नाहीत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्या आहेत. चामखिळीला मूळ नसतंच, तिचा सगळा संसार कातडीच्या वरच्या थरात असतो.

ही मात्र पसरते. नखं कुरतडणाऱ्या मुलाच्या बोटावरून ओठावर जाते, दाढी करताना हनुवटीवरून गळ्याकडे उतरते. चेहऱ्यावरच्या सपाट चामखिळी ओरखड्याच्या रेषेत ओळीने उगवलेल्या दिसल्या की निदान तिथेच होतं. त्या जाईपर्यंत पुरुषांनी ब्लेड बंद ठेवावं, ट्रिमर वापरावा, तोही आपलाच.

मुलांमधल्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते आणि एक दिवस सगळ्या एकदम ओसरतात. त्यामुळे त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो माझा असो, होमिओपॅथीतल्या थुजाच्या गोळ्यांचा असो की शनिवारच्या उताऱ्याचा. थुजावर बराच विश्वास आहे, त्याला चांगल्या अभ्यासाचा आधार मात्र नाही.

घरी सॅलिसिलिक ॲसिड लावलं तर चालेल?

हातापायांच्या चामखिळीला चालतं, आणि धीर असेल तर ते चांगलं औषध आहे. रात्री ती जागा दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, वरचा मऊ पडलेला थर प्यूमिस दगडाने हलकेच घासा (दगड फक्त त्याच कामाला, बाकीच्या घराने वापरायचा नाही), भोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीन लावा आणि औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर सोडा. असं रोज, साधारण बारा आठवडे. लोक आठ दिवस लावतात आणि 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात.

चेहरा, गुप्तांग, तीळ यांवर ते लावू नये. मधुमेह असेल किंवा पायात बधिरपणा असेल तर अजिबात नाही. कॉर्न कॅपमध्ये, म्हणजे कुरपावर लावायच्या पट्टीत, हेच ॲसिड ४० टक्के असतं. पाय बधिर असलेल्याला खाली जखम झालेली कळत नाही आणि कुरपासाठी लावलेली पट्टी व्रणावर जाऊन थांबते.

तळपायाला आहे ते कुरूप की चामखीळ?

फरक महत्त्वाचा आहे, कारण कुरूप दाबामुळे होतं आणि चामखीळ विषाणूमुळे. दोन्ही कडक, दोन्ही चालताना टोचतात.

आधी चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबून बघा. असं दाबल्यावर कळ आली तर चामखीळ असण्याची शक्यता जास्त. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. मग कातडीवरच्या बारीक रेषा बघा, बोटाच्या ठशात असतात तशाच तळपायालाही असतात. कुरपावरून त्या सलग जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. तरीही शंका राहिली तर दवाखान्यात आम्ही ब्लेडने वरचा मेलेला थर पातळ पातळ सोलतो. कुरपाच्या मध्यभागी टणक, अर्धपारदर्शक खुंटी सापडते. चामखिळीत काळे-तांबूस ठिपके येतात आणि आणखी सोललं तर त्यांतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं. हा प्रयोग घरी करायचा नाही.

कुरूप असेल तर ते कितीही कापा, चप्पल बदलल्याशिवाय पुन्हा येणारच. घरात फरशीवर अनवाणी वावरणाऱ्यांना मऊ स्लीपर घालायला सांगितलं की पटत नाही. 'देवघरात कसं घालणार?' देवघरापुरतं काढा, ओट्यापाशी तासभर उभं राहताना घाला.

आईच्या गालांवर काळे बारीक दाणे वाढत चाललेत. तिळाचाच प्रकार का?

तीळ नाहीत. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत, त्यातही बायकांमध्ये, गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला १ ते ५ मिलिमीटरचे तपकिरी-काळे दाणे विशीत-तिशीत सुरू होतात आणि वयाबरोबर वाढत जातात. त्याचं नाव डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा, डीपीएन. माहेरच्या बाजूला विचारा, मावशीच्या चेहऱ्यावरही निघतील. धोका शून्य. काढायचे की नाही हा प्रश्न फक्त आरशाचा.

काढायचे असतील तर सुन्न करणारं मलम लावून, पाऊण-एक तास थांबून, आरएफच्या अगदी कमी शक्तीने वरवर. एका बैठकीत सगळा चेहरा साफ करा असा आग्रह धरू नका. मी आधी कानाजवळचे दोन-चार काढतो आणि सहा आठवड्यांनी कातडी कशी भरून आली ते बघतो. काहींना त्या जागी पांढुरका किंवा काळा डाग राहतो, तो आधी कानाजवळ कळलेला बरा.

बाबांच्या पाठीवर मोठे काळे, खरखरीत चट्टे आलेत. त्यांचा टॉवेल वेगळा ठेवायचा का?

नाही. एका सूनबाईंनी हा प्रश्न सासऱ्यांसमोरच विचारला, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हा सेबोरिक केराटोसिस. चाळिशी-पन्नाशीनंतर खूप जणांना होतो. वरून मेणाचा थेंब पडून थिजावा तसा तो कातडीवर चिकटवलेला दिसतो, कडा स्पष्ट, वरचा भाग तेलकट-भेगाळ, नखाने खरवडला तर खपली निघते. विषाणू नाही, संसर्ग नाही, कर्करोगात रूपांतर नाही.

लक्ष द्यायचं ते एकाच गोष्टीकडे. काही महिन्यांत अचानक असे डझनावारी आले, बरोबर खाज, वजन घटणं, भूक मंदावणं असेल, तर फिजिशियनकडून एकदा सगळी तपासणी करून घ्यावी. क्वचित हे आतल्या आजाराचं लक्षण असतं.

कोणत्या तिळाची काळजी करायची?

तीळ लहानपणापासून साधारण चाळिशीपर्यंत नवे येत राहतात, आधी सपाट असतात, वर्षांनी उंचावतात, रंग फिका होतो, त्यातून केस येतात. हे सगळं नेहमीचं. गरोदरपणात थोडे गडद होतात, तेही नेहमीचं. तिळातला केस उपटला तर कर्करोग होतो ही समजूत चुकीची, फक्त उपटल्याने जागा पिकते म्हणून केस कात्रीने कापावा.

बघायचं ते असं: तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा नाही, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो बदलतो आहे. चाळिशीनंतर नवीन उगवून वाढत राहिलेला तीळ, आपोआप रक्त येणारा तीळ, बाकीच्या तिळांपेक्षा वेगळाच दिसणारा एकच तीळ, हे दाखवायला यायचं.

मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे कोणी बघत नाही. एकाच नखात काळा पट्टा आला, तो रुंदावत चालला आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर थांबू नका. सगळ्या नखांना फिकट तपकिरी रेषा असतील तर आपल्या रंगाच्या माणसांत ते सहसा निरुपद्रवी असतं.

आणखी एक. साठीनंतर नाकाशेजारी किंवा डोळ्याखाली चकचकीत काळपट गाठ, मध्ये खपली, खपली पडते, रक्त येतं, पुन्हा धरते, सहा महिने हेच. त्याला लोक तीळच म्हणतात. तो बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा कर्करोग असू शकतो, आपल्या कातडीत तो बऱ्याचदा काळा दिसतो. सहसा दूर पसरत नाही, जागीच खात जातो. वेळेत काढला तर बरा होतो.

तीळ लेसरने जाळून टाकता येतो ना? टाके नकोत.

नको. जाळलेल्या तिळाचा तुकडा हाती राहत नाही, आणि तुकडा नसेल तर पॅथॉलॉजिस्टला बघायला काही नसतं. शंका असलेला तीळ पूर्ण कापून, टाके घालून काढतात. साधा उंच तीळ ब्लेडने कातडीच्या पातळीला सपाट करता येतो, तरी तुकडा तपासायला पाठवायचाच. त्या तपासणीचा खर्च वेगळा असतो, आधीच विचारून घ्या. निव्वळ दिसण्यासाठी काढलेल्याचा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

दंडावर आवाळू आहे. गोळ्यांनी विरघळेल?

आवाळू म्हणून दोन वेगळ्या गाठी दाखवल्या जातात.

पहिली चरबीची गाठ, लिपोमा. कातडीखाली मऊ, बोटाखालून सटकणारी, वरची कातडी अगदी स्वच्छ, वर्षानुवर्षं तेवढीच. एकाच्या अंगावर दहा-वीससुद्धा असतात. ॲलोपॅथी, होमिओपॅथी, काढा, कशानेही ती विरघळत नाही आणि जेवणातलं तूप बंद केल्याने लहान होत नाही. त्रास नसेल तर राहू द्या. ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, टणक किंवा खोल स्नायूत रुतलेली असेल तर मात्र आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय, मग सर्जन.

दुसरी एपिडर्मॉइड सिस्ट. ही कातडीलाच चिकटलेली असते आणि नीट बघितलं तर मधोमध एक काळं छिद्र दिसतं. आत केराटिनची पांढरट, कुबट वासाची लगदी आणि भोवती पातळ पिशवी. दाबून लगदी काढली की गाठ बसल्यासारखी वाटते, पण पिशवी आत असते, ती पुन्हा भरते. वारंवार पिळल्याने पिशवी आतल्या आत फुटते, लाल होते, ठणकते. त्या अवस्थेत ती काढायची नसते. सूज उतरवायची, पू असेल तर वाट करून द्यायची आणि काही आठवड्यांनी थंड झाल्यावर पिशवीसकट काढायची. डोक्यातल्या टणक गोल गाठी याच घराण्यातल्या. त्यांना छिद्र नसतं आणि बरेचदा वडील-मुलगा दोघांनाही असतात.

डोळ्यांखाली बारीक पांढरे दाणे आहेत.

टाचणीच्या डोक्याएवढे, कडक, पांढरे असतील तर मिलिया. सुईने टोक उघडून काढतात, एका मिनिटाचं काम, फक्त ते डॉक्टरांनी करायचं. तान्ह्या बाळाच्या नाकावरचे काही आठवड्यांत आपोआप जातात, हात लावू नका. कातडीच्याच रंगाचे, खालच्या पापणीवर दोन्हीकडे सारखे असतील तर सिरिंगोमा. तो घामाच्या नळ्यांचा प्रकार, खोल असतो, पूर्ण जात नाही, कमी होतो. नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळसर सपाट चट्टे असतील तर झँथेलास्मा, आणि मग आधी लिपिड प्रोफाइल. निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं.

पोटावर लाल लाल ठिपके. लिव्हर खराब आहे का?

गुळगुळीत, लालभडक, गोल, एक-दोन मिलिमीटरचे असतील तर चेरी अँजिओमा. तिशीनंतर बहुतेकांना येतात. लिव्हरशी संबंध नाही.

बोटाला काटा लागला होता, तिथे पंधरा दिवसांत लाल मांसाचा गोळा आला, रक्त थांबता थांबत नाही.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. नाव भीतीदायक, प्रकार साधा: छोट्या जखमेवर केशवाहिन्यांची बेसुमार वाढ. गरोदर बायकांच्या हिरड्यांवरही येतो. कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. मग या. तळ खरवडून कॉटरी करतात आणि तुकडा तपासायला पाठवतात.

मुलाच्या अंगावर चकचकीत दाणे, मध्ये खळगा.

मोलस्कम. हाही विषाणूच, पण वेगळ्या घराण्यातला. बहुतेक मुलांत ६ ते १८ महिन्यांत आपोआप जातो. टॉवेल वेगळा ठेवा, खाजवू देऊ नका, शाळेतून काढून घरी बसवू नका. पोहायला जात असेल तर दाणे वॉटरप्रूफ पट्टीने झाकून जाऊ द्या. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर खूप दाणे आले तर मात्र प्रतिकारशक्ती कमी आहे का ते तपासतात.

आजी दोरा बांधायचं म्हणतेय. चुना, बिब्बा, रुईचा चीक?

दोऱ्याचं आधी. बारीक देठाच्या स्किन टॅगला दोरा किंवा केस आवळून बांधला तर रक्तपुरवठा तुटून तो काळा पडतो आणि गळतो, हे खरं आहे. पण चार दिवस ठणकतो, पिकतो, आणि देठ जाड असेल तर अर्धाच गळतो. शिवाय बांधलंय ते स्किन टॅगच आहे हे कोणी ठरवलं? काळा निळा पडलेला गोळा माझ्यासमोर येतो तेव्हा मूळचं काय होतं ते ओळखणं अवघड होऊन बसतं.

चुना आणि सोडा एकत्र केला की तीव्र अल्कली तयार होतं. ते चामखीळ आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही, नाण्याएवढा भाजल्याचा व्रण करतं. जत्रेत, हाटात छोटी बाटली आणि काडी घेऊन 'मस्सा-तिल हटवा लो' म्हणत बसणारे जे लावतात तेही दाहकच. बिब्ब्याचं तेल तर त्याहून वाईट: दोन दिवसांनी फोड, चेहरा सुजतो, काळे डाग महिनोन् महिने. रुईचा चीक चेहऱ्यावर लावताना डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते. आजीचा मान ठेवा, तिला बरोबर घेऊन या. समजावण्याचं काम माझ्याकडे.

कॉटरी, आरएफ, क्रायो (गोठवणं), लेसर: सगळ्यांत चांगलं कोणतं?

मशीन विचारू नका, निदान विचारा. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन तळपायाच्या चामखिळीला उत्तम, दर दोन-तीन आठवड्यांनी. चेहऱ्यावर तो मी सहसा वापरत नाही, कारण रंग बनवणाऱ्या पेशी थंडीने लवकर मरतात आणि सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. चामखिळी खूप असतील तर एकीतच एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस किंवा डी३ जीवनसत्त्व टोचतात, त्याने प्रतिकारशक्ती जागी होऊन बाकीच्याही जाऊ शकतात. गरोदरपणात एमएमआर चालत नाही. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वीच्या जखमेवर उंच लाल वण वाढला असेल, तर हे तिन्ही न विचारता आधी सांगा. छाती, खांदे आणि कानाच्या पाळ्या इथे केलॉइडची, म्हणजे अशा वाढत्या वणाची, प्रवृत्ती जास्त, तिथे विनाकारण काही काढू नये.

गुप्तांगावर चामखीळ आहे. कोणाला दाखवू, आणि जोडीदाराला सांगू का?

त्वचारोग किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना, आणि हो, सांगा. सुमारे ९० टक्के वेळा एचपीव्हीचे ६ आणि ११ हे प्रकार कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः कारण ठरणारे १६ आणि १८ वेगळे. विषाणू महिनोन् महिने दबून राहू शकतो, त्यामुळे आज चामखीळ दिसली म्हणून कालच्या कोणावर आरोप करता येत नाही. मेडिकलवरून आणलेलं ॲसिड तिथे लावू नका.

सरकारीत होतं का?

एम.वाय. हॉस्पिटलमध्ये चर्मरोगाची ओपीडी आहे, बायोप्सीची सोयही आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

लग्नाच्या किती आधी काढून घ्यावं?

चेहऱ्यावरचं असेल तर किमान दोन-तीन महिने. खपली ७ ते १० दिवसांत पडते, पण त्या जागी राहिलेला गुलाबी किंवा काळसर डाग उतरायला आपल्या कातडीत काही महिने लागतात. खपली स्वतः पडू द्यायची, व्हॅसलीन लावायचं, बाहेर पडताना एसपीएफ ३० सनस्क्रीन. म्हणून हे काम थंडीत करावं असं माझं मत. होळीच्या तोंडावर तर नकोच. रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) राजवाड्यावर टँकरने रंग उडतो, तो उघड्या जखमेत गेला तर आग आग होते आणि रंगाचा डाग कातडीत बसून राहू शकतो. गेर चुकवणार नसाल, आणि इंदूरकर चुकवत नाहीत, तर तारीख नंतरची घ्या.